अवजाराची ओळख आणि मुखत्याराची मर्यादा

गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस आमची एक जुनी विद्यार्थिनी सांगलीहून साताऱ्यास आम्हांस भेटावयास आली. मराठी घेऊन बी. ए. झाल्यावर ती संगणकाच्या व्यवसायात शिरली आणि सध्या एका लहानशा कंपनीत काम करते. येताना तिने एक कागद आणला होता. त्यावर एकच इंग्रजी वाक्य होते आणि त्याखाली तिने स्वतः केलेले त्याचे मराठी रूप: 'दिलेल्या अ‍ॅपचा आकार बदलते.' "सर, यात व्याकरणाची चूक नाही ना?" तिने विचारले. चूक नव्हती. कर्ता अध्याहृत होता, क्रियापद जागेवर होते, अर्थही स्वच्छ होता. "मग या चार शब्दांपायी माझ्या नोकरीवर बेतायची वेळ का आली, ते सांगा."

प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे आम्हांस सुचलेले उत्तर होय. साहित्याच्या अभ्यासकांनी अशा विषयात का पडावे, असे काही वाचकांस वाटेल. लेख संपेपर्यंत त्यांनी ही शंका राखून ठेवावी, एवढीच विनंती.

घडले ते असे. हळदीच्या सौद्यांत कोणता माल आला, कोणत्या मालास काय दर निघाला, हे व्यापाऱ्यांना मोबाइलवर दाखवणारे एक अ‍ॅप ही कंपनी चालवते. ते अ‍ॅप कंपनीच्या स्वतःच्या यंत्रावर नसून दूरच्या एका संगणकगृहातील भाड्याच्या यंत्रांवर चालते. यालाच 'क्लाउड' म्हणतात. अ‍ॅपला किती स्मृती आणि किती गणनशक्ती दिली आहे, तो त्याचा 'आकार'. आकार मोठा तितके भाडे जास्त. हा आकार गरजेप्रमाणे कमीजास्त करण्याचे काम कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका एजंटाकडे सोपवले होते. रात्री वापर नाही हे पाहून एजंटाने आकार कमी केला. सकाळी सौदे सुरू झाले, शेकडो मोबाइल एकदम उघडले आणि अ‍ॅप गुदमरले. एजंटाने आकार एक पायरी वाढवला. तो पुरला नाही. आणखी एक वाढवला. मग आणखी एक. प्रत्येक वेळी आकार बदलताना अ‍ॅप बंद पडून नव्याने सुरू होत होते आणि आत असलेले सगळे बाहेर फेकले जात होते. ऐन सौद्याच्या तासात हे तीनदा झाले.

एजंटाने आज्ञेबाहेरचे काहीही केले नव्हते. हे अवजार आकार बदलते, असे त्याला लिहून दिले होते. आकार बदलताना अ‍ॅप थांबते, हे लिहिलेले नव्हते. आणि ते वर्णन लिहिले होते आमच्या विद्यार्थिनीने.

हा प्रसंग नवलाचा वाटतो, परंतु त्याच्या मुळाशी असलेली परिस्थिती नवी नाही. अवजार एका ठिकाणी घडते, ते चालवणारा दुसऱ्या ठिकाणी असतो, आणि दोघांच्या मधे केवळ लिहिलेला शब्द असतो. कृष्णाकाठाने ही परिस्थिती शंभर वर्षांपूर्वी पाहिली आहे.

त्याआधी ती का नव्हती, हे पाहणे उद्बोधक ठरेल. लाकडी नांगराला माहितीपत्रक कधीच लागले नाही. नांगर घडवणारा सुतार त्याच गावात राहत असे, बलुत्यावर काम करीत असे, आणि हाळीस सैल झाली किंवा रुमणे मोडले तर शेतकरी त्याच्या दारात जाऊन उभा राही. अवजाराविषयीचे ज्ञान माणसात होते आणि तो माणूस हाकेच्या अंतरावर होता. अवजार आणि त्याचा कर्ता यांची ताटातूट झाली ती लोखंडी नांगराने.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 1869 चा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावास आले, बंधू रामूअण्णांसह सायकलींच्या दुकानात रमले, आणि तेथून कडबा कापण्याच्या यंत्राकडे व लोखंडी नांगराकडे वळले. नांगर उत्तम होता, परंतु तो कोणी घेईना. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. पुढे बेळगावची जागा सोडण्याची वेळ आली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळची 32 एकर ओसाड जमीन दिली आणि 1910 साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध हे गाव आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. संस्थान 1948 साली विलीन झाले, 1949 साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा निघाला आणि 1960 साली त्याचे नाव सांगली झाले. एका अवजाराच्या इतिहासासाठी दोन्ही जिल्ह्यांची नावे घ्यावी लागतात, ती यामुळे.

किर्लोस्करवाडीचा नांगर रेल्वेने गावोगाव जाऊ लागला. आता तो घेणाऱ्या शेतकऱ्याच्या गावी त्याचा कर्ता नव्हता. अडचण आली तर कोणाच्या दारात उभे राहावयाचे? विकणारा एजंट स्वतःच या अवजाराला नवखा. कर्त्याच्या गैरहजेरीत त्याचे ज्ञान पोहोचवणाऱ्या लेखनाची गरज येथे निर्माण झाली. 1920 साली शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक काढले, ते कारखान्याची खबर गिऱ्हाइकांपर्यंत आणि विक्रेत्यांपर्यंत नेण्यासाठी. त्या 'खबरी'तून पुढे 'किर्लोस्कर' मासिक घडले, 1930 साली 'स्त्री' आणि 1934 साली 'मनोहर' ही त्याची भावंडे आली, आणि मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाची एक अख्खी पिढी त्यांनी घडवली. वाङ्मयेतिहासात आपण हे सारे शिकवतो. मात्र त्याचे बीज एका कारखान्याच्या पत्रकात होते, ही गोष्ट किंचित संकोचाने, तळटीपेसारखी सांगतो. आम्हांस तो संकोच अनाठायी वाटतो. न पाहिलेल्या वाचकाला न पाहिलेली वस्तू समजावून सांगणे ही गद्याची फार कठीण परीक्षा आहे आणि ती देता देता गद्याला बळ येते.

शेतकऱ्याची ती समजूत आपण सहज हसण्यावारी नेतो. तीत दडलेला प्रश्न मात्र रास्त होता. हा नांगर काय करतो, हे त्याला दिसतच होते. 'त्याने माझ्या जमिनीचे काय होईल?' हे त्याला विचारावयाचे होते. म्हणजे अवजाराच्या कार्यापेक्षा त्याच्या परिणामाविषयी तो साशंक होता. आमच्या विद्यार्थिनीच्या चार शब्दांत पहिल्या प्रश्नाचे उत्तर होते, दुसऱ्याचे नव्हते.

आकाराचा मुद्दाही शेतकऱ्याला परका नव्हता. काळ्या रानातली हरळी आणि कुंदा मुळासकट काढावयाचा तर नांगर खोल घालावा लागतो, आणि खोल नांगराला एक जोडी पुरत नाही. तीन-चार जोड्या, कधी त्याहून अधिक जुंपाव्या लागतात. स्वतःकडे नसतील तर वारंगुळ्याने शेजाऱ्याच्या आणावयाच्या. क्लाउडची दोन तत्त्वे येथे आयती सापडतात: एकच यंत्र अधिक ताकदीचे घेणे म्हणजे थोराड बैल आणणे, आणि तशाच यंत्रांची संख्या वाढवणे म्हणजे जोड्या वाढवणे. फरक इतकाच की वारंगुळ्यात परतफेड श्रमाने होते, येथे महिन्याच्या बिलाने. जोड्या सोडताना-जुंपताना औत थांबते, ही गोष्ट कोणत्याही शेतकऱ्याला लिहून सांगावी लागली नसती. ती त्याच्या अंगात मुरलेली होती. एजंटाच्या अंगात काहीच मुरलेले नसते. भाषेच्या प्रचंड साठ्यातून त्याला सर्वसाधारण पुष्कळ कळते, पण या अ‍ॅपचे, या सौद्याचे, या सकाळचे जे विशेष आहे ते लिहून दिले नाही तर त्याच्यापुरते ते अस्तित्वातच नसते.

येथे 'एजंट' या शब्दाकडे थोडे वळले पाहिजे. त्याच्या जवळचा आपला जुना शब्द 'मुखत्यार'. तो अरबी-फारसीतून आला; 'अखत्यार' हे त्याचे सख्खे भावंड. ज्याला निवडीचा अधिकार आहे तो मुखत्यार. अधिकार दिला की त्याची हद्द आणि मुदतही सांगावी लागते, म्हणून मुखत्याराबरोबर मुखत्यारपत्र जन्मास येते.

साताऱ्याच्या इतिहासात दूर गेलेल्या प्रतिनिधीचे एक विलक्षण उदाहरण आहे. 4 सप्टेंबर 1839 रोजी ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून पुढे काशीस पाठवले. त्यांचा पक्ष मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि 1853 पर्यंत तेथे झगडत राहिले. धनी काशीत, वकील लंडनात. एका पत्राचे उत्तर येण्यास महिने लागत. 1847 साली महाराज निवर्तले, 1848 साली सातारचे राज्यच खालसा झाले, तरी रंगो बापूजींनी काम टाकले नाही. ज्याने पाठवले तो उरला नाही आणि ज्या गादीसाठी पाठवले तीही उरली नाही, मग हा वकील कोणाच्या शब्दावर उभा होता? लिहिलेल्या शब्दाच्या पलीकडे असलेल्या हेतूवर. तो हेतू त्यांना ठाऊक होता, कारण त्यांच्या पाठीशी साताऱ्यातले अख्खे आयुष्य होते.

यंत्र-मुखत्याराच्या पाठीशी असा सातारा नसतो. हेतू त्याला शब्दांतूनच काढावा लागतो, आणि शब्दांत हेतू नसेल तर तो अंदाजाने भरून काढतो. म्हणून माणसाला दिलेल्या मुखत्यारपत्रात जे न बोलता चालून जाते, ते यंत्राला दिलेल्या वर्णनात बोलावेच लागते.

ते कसे बोलावे, याचा एक वस्तुपाठ मराठीत आधीपासून आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेले 'आज्ञापत्र' 1716 च्या सुमाराचे. आपण ते राजनीतीचा ग्रंथ म्हणून शिकवतो. आमची विनंती आहे की त्यातील आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयीचा भाग एकदा अवजाराच्या वर्णनासारखा वाचून पाहावा. लाकूड लागतेच, हे तेथे मान्य आहे. राज्यातल्या रानातले सागवानासारखे लाकूड परवानगीने तोडावे असे सांगितले आहे. रयतेच्या आंब्या-फणसाला मात्र हात लावू नये. आणि त्याचे कारणही दिले आहे: ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. शेवटी अपवाद येतो: झाड अगदी जीर्ण झालेले असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावे. परवानगी, मनाई, कारण आणि अपवाद, अशी ही चार अंगे आहेत. यांतले कारण सर्वांत मोलाचे, कारण लेखकाने न कल्पिलेला प्रसंग समोर आला तर आज्ञा वाचणारा त्याच्याच आधाराने निर्णय घेऊ शकतो. केवळ 'आंबा तोडू नये' असे लिहिले असते तर चिंचेचे काय करावे, हे कोणास कळले असते?

आजच्या एजंटाच्या बाबतीत हा विचार अक्षरशः लागू पडतो. नोव्हेंबर 2024 मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाचा एक संकेत प्रसिद्ध झाला आणि अल्पावधीत पुष्कळांनी तो स्वीकारला. त्यानुसार प्रत्येक अवजाराला नाव असते, साध्या भाषेतले वर्णन असते आणि कोणती माहिती द्यावयाची याचा आराखडा असतो. एजंट ही वर्णने वाचतो आणि कोणते अवजार उचलावे हे त्यांवरून ठरवतो. यंत्राबरोबर येणारी पुस्तिका पूर्वी कपाटात पडून राही. ती न वाचताही यंत्र चालत असे. येथे वर्णन हेच रुमणे आहे, अवजार हाती धरावयाचे ते तेथूनच. याच संकेतात काही खुणाही जोडता येतात: हे अवजार केवळ वाचते, की काही नष्टही करू शकते, तीच आज्ञा दोनदा दिली तर परिणाम एकच राहतो की दुप्पट होतो. मात्र या खुणा केवळ सूचना आहेत, हमी नव्हेत, असे तो संकेतच बजावतो.

दोनदा दिलेल्या आज्ञेचा मुद्दा भाषेच्या अभ्यासकास विशेष रुचेल. 'आकार दुप्पट कर' आणि 'आकार चार कर', ही दोन वाक्ये पाहावीत. आज आकार दोन असेल तर दोहोंचे फळ सारखेच. परंतु पहिली आज्ञा गेली, उत्तर येण्यापूर्वी संपर्क तुटला आणि एजंटाने ती पुन्हा दिली, तर आकार आठ होईल. दुसरी कितीदाही दिली तरी चारच राहील. सापेक्ष आणि निरपेक्ष शब्दयोजनेतला हा भेद आपण वर्गात शिकवतो, येथे त्याचे बिल येते.

शिवाय काही बदल परत फिरत नाहीत. अ‍ॅमेझॉनची भाड्याच्या यंत्रांची ईसी-टू ही सेवा 2006 सालापासूनची आहे. तेथे नेहमीच्या पद्धतीने यंत्राचा प्रकार बदलावयाचा तर आधी ते थांबवावे लागते. थांबवताच त्याच्यावरची तात्पुरती साठवण पुसली जाते. आणि कायम साठवणीचा आकार वाढवता येतो, पण तीच कमी करता येत नाही. 'आकार बदलते' या एका क्रियापदाच्या पोटात असे तीन वेगळे परिणाम राहू शकतात.

हे सारे बोलून झाल्यावर आम्ही आणि आमची विद्यार्थिनी ते वर्णन पुन्हा लिहावयास बसलो. तिने आग्रह धरला की आधी मराठीतच लिहू. इंग्रजीत लिहिताना नेहमीचे तयार शब्दप्रयोग हाताशी येतात आणि विचार करावयाचा राहून जातो. दीड तासाने जे उभे राहिले ते असे:

'हे अवजार एका अ‍ॅपला दिलेली स्मृती आणि गणनशक्ती बदलते. नवा आकार यादीतील नावाने सांगावा. "वाढव" किंवा "दुप्पट" असे सांगू नये. आकार बदलताना अ‍ॅप थांबून नव्याने सुरू होते आणि त्या वेळी आत असलेले सर्वजण बाहेर पडतात. म्हणून सौद्याच्या वेळेत हे अवजार माणसाची संमती घेतल्याशिवाय वापरू नये. त्या वेळेत अ‍ॅप पूर्णपणे बंद पडलेलेच असेल तर थांबण्याने आणखी नुकसान होत नाही. अशा वेळी एकदाच, पुरेल इतका मोठा आकार द्यावा. पायरीपायरीने वाढवू नये, कारण प्रत्येक पायरीला अ‍ॅप थांबते. आकार कमी करण्यापूर्वी रात्रीचा वापर पाहू नये, उद्याच्या सकाळचा पाहावा. मोठ्या आकाराचे भाडे जास्त पडते. काम झाले की आकार किती ठेवला आहे हे कळवावे.'

वाङ्मय म्हणून या परिच्छेदाची आम्ही शिफारस करणार नाही. परंतु त्यात परवानगी आहे, मनाई आहे, कारण आहे आणि अपवाद आहे. 'उद्याच्या सकाळचा पाहावा' हे वाक्य तिचे. ते आम्हांस सुचले नसते, कारण सौद्याची सकाळ तिने पाहिली होती.

राहिला दोषाचा प्रश्न. वर्णन अपुरे होते, हे तिने मान्य केले. तथापि आकार बदलताना अ‍ॅप थांबते, ही गोष्ट अवजार घडवणाऱ्यांना ठाऊक होती आणि ती त्यांनी तिला सांगितली नव्हती. त्यांना ती सांगण्याजोगी वाटलीच नाही. जो रोज जू जुंपतो त्याला औत थांबते हे वेगळे दिसत नाही. अशा मुरलेल्या ज्ञानाला प्रश्न विचारून शब्दांत आणणे, हे वर्णन लिहिणाऱ्याचे खरे काम. ते करण्यास तिला वेळ आणि अधिकार दिला होता काय, हे तिच्या वरिष्ठांनी स्वतःस विचारावयास हवे. आणि उत्तम वर्णन म्हणजेही कुलूप नव्हे. जी गोष्ट कदापि होता कामा नये, तिच्यासाठी अवजारातच अटकाव हवा, शब्दांवर विसंबून चालणार नाही. तिच्या कंपनीने आता सौद्याच्या तासांत माणसाच्या संमतीची अट खुद्द अवजारात घातली आहे. तिची नोकरी टिकली.

सुरुवातीस राखून ठेवावयास सांगितलेल्या शंकेकडे आता येऊ. कर्ता हजर नसताना वाचकाच्या हातून काय घडेल, हा प्रश्न साहित्यसमीक्षेने पुष्कळ चघळला आहे. तेथे चुकीच्या वाचनाने फार तर एक वाईट निबंध निर्माण होतो. येथे वाचणारा वाचल्याबरोबर कृती करतो आणि त्याची किंमत हळद घेऊन आलेल्या माणसाला मोजावी लागते. अशा वाचकासाठी लिहिणे हे आता कोणाचे तरी रोजचे काम झाले आहे, आणि ते करणाऱ्यांत आपल्या वर्गांतून गेलेली मुले-मुली आहेत. येत्या वर्षी 'आज्ञापत्र' शिकवताना आम्ही हा चार शब्दांचा कागदही फळ्यावर लिहिणार आहोत आणि मुलांना एवढेच विचारणार आहोत: यात काय सांगावयाचे राहिले आहे?